न आलेल्या संघाला हरवत नाहीत

दादा,

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी तू मैदान झाडलंस, घरी आलास, ओट्यावर बसलास आणि पाणी मागितलंस. वहिनी पाणी घेऊन आली तेव्हा तू बोलत नव्हतास. सेलूच्या डॉक्टरांनी तपासलं आणि परत न्यायला सांगितलं.

मी परभणीहून पोचले तेव्हा अंगणात माणसं होती. आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे तुला बसवलं होतं. स्वामींनी तुझ्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं आणि बोटं मिटायला घेतली. त्यांना थोडा वेळ लागला. तू डावखुरा. त्याच हाताने तू इतकी वर्षं चेंडू रिंगकडे सोडलास, आणि सोडल्यावर तो हात क्षणभर तसाच हवेत उघडा ठेवलास. मला ते आठवलं आणि मी नजर खाली केली.

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. ‘क्रीडाप्रेमी व्यापारी’ असं तुला म्हटलंय. यातला एकही शब्द मला पटला नाही. कापडाच्या दुकानात तुझं लक्ष कधीच नव्हतं. गिऱ्हाईक धोतरजोडी मागायचं आणि तू त्याच्या नातवाची उंची विचारायचास. आणि क्रीडेवर तुझं सरसकट प्रेम होतं असंही मला म्हणवत नाही. क्रिकेट लागलं की तू उठून जायचास. तुझा जीव एका खेळात होता, आणि त्या खेळाच्याही एकाच तऱ्हेच्या स्पर्धेत. एकदा हरलं की संपलं, सामान बांधा, अशा नॉकआउट स्पर्धेत. तिच्यावरूनच आपण इतके उन्हाळे भांडलो. ते भांडण मिटलं नाही आणि तू मधूनच उठून गेलास. तुला बोलायचं आहे ते त्याबद्दल.

परभणीला आमच्या कॉलेजात सुट्टी लागायच्या आधी कुणीतरी विचारायचं, मॅडम, यंदा कुठे? मी म्हणायचे, वालूरला. एवढ्या उन्हात? हो, आमच्या गावात मे महिन्यात बास्केटबॉल असतं. समोरचा हसायचा. बक्षीस केवढं असतं ते सांगितलं की हसायचा थांबायचा. ते तू मुद्दामच तेवढं मोठं ठेवलं होतंस. पुण्या-नांदेडच्या संघांनी गाडी करून यावं, एवढं मोठं. आणि तेही सगळं जिंकणाऱ्यालाच. दुसऱ्या नंबरला टाळ्या.

वालूरचा संघ कधीच जिंकला नाही. त्यामुळे बाजारपेठेतले लोक तुला चिडवायचे.

“अप्पा, आमचा पैका दरसाल पुण्याला जायलाय की हो.”

“पैका जाऊ द्या,” तू म्हणायचास. “पुणं येतंय न्हव गावात.”

तो पैसा गोळा करायची तुझी तऱ्हाही तुझीच होती. गुढीपाडव्याला सकाळी खादीची पिशवी घेऊन तू दुकानोदुकानी जायचास. पावतीपुस्तक नाही, सही नाही. दुकानदार आतून एक नारळ आणायचा आणि पिशवीत टाकायचा. नारळ पडला म्हणजे शब्द पडला. मेमध्ये त्याचा वाटा आपोआप यायचा. किती, ते त्याला आणि तुला ठाऊक. पहिल्या सामन्याआधी ते सगळे नारळ फोडून खोबरं दोन्ही संघांच्या पोरांना वाटायचं. मी एकदा म्हणाले, “दादा, एवढ्या मोठ्या रकमेची स्पर्धा नारळावर चालवतोस? उद्या कुणी नाही म्हणालं तर?” तू म्हणालास, “मास्तरीण, कागदावर सही केलेला माणूस कागदाला भितो. नारळ दिलेला माणूस गावाला भितो.”

मी पुस्तकातून बोलते असं तू म्हणायचास. खरं होतं. पण तू तरी कुठून बोलत होतास, ते मला कळलं नाही.

बाहेरून आलेल्या संघांना तू लॉजवर ठेवलं नाहीस. वालूरला लॉज नाही हे एक कारण. पण असतं तरी ठेवलं नसतंस. एकेक संघ एकेका गल्लीला दिलास. जेवण गल्लीचं, झोपायला गल्लीतले ओटे आणि माड्या, आणि दुपारचं ऊन काढायला बारवेच्या पायऱ्या. मग तू न सांगताच एक रीत पडून गेली. जो संघ ज्या गल्लीत जेवला, तो त्या गल्लीचा. त्याच्यासाठी ओरडायचं, समोर कुणीही असो.

एका वर्षी नांदेडची पोरं आपल्या गल्लीला होती आणि पहिल्याच फेरीत त्यांची गाठ वालूरशी पडली. आई पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलेली. नांदेडच्या एका काटकुळ्या पोराच्या हातात चेंडू आला की ती उठून ओरडायची, “टाक रे बाळा, टाक!” तू माइकवर होतास. माइकवर हात ठेवून तू तिच्याकडे वाकलास.

“आई, ते आपल्या इरुद्ध हायत.”

“असू दे. आपल्या पोरायच्या माया बसल्यात समोर. ह्या लेकराची माय हाय का इथं?”

वालूर हरलं. आईने रात्रीच्या पोळ्यांना जास्तीचं तूप लावलं आणि तू ताटावर तोंड फुगवून बसलास. त्या काटकुळ्या पोराने तुला विचारलं, “अप्पा, राग आला का?” तू म्हणालास, “तुझा न्हाई. माझ्या मायचा.” पोळी मात्र पुन्हा मागून घेतलीस.

आणि ते लातूरचं प्रकरण. त्या साली आंबा उदंड आला होता. लातूरचा संघ पेठगल्लीला होता आणि दुपारी पेठगल्लीने त्यांना रस वाढला. प्रत्येक घराचं वेगळं पातेलं. एका घरचा खाल्ला आणि दुसऱ्या घरचा नको म्हटलं तर मावशी रुसणार. संध्याकाळी ती पोरं मैदानावर आली आणि धावेनात. त्यांचा सगळ्यात उंच खेळाडू रिंगखाली उभा राहून ढेकर देत होता. चेंडू त्याच्या अंगावरून जायचा आणि तो त्याच्याकडे पाहायचा, बस. लातूर पहिल्याच सामन्यात गारद. पेठगल्लीच्या बायका रडकुंडीला आल्या. तू माइकवर गंभीर आवाजात म्हणालास, “पेठगल्लीच्या मायबहिणींना विनंती हाय. रस सामना झाल्यावर वाढत चला. लातूर तुमच्यामुळं घरला चाललंय.”

तेव्हापासून नियमच झाला. सामन्याआधी ताक-भाकरी. रस सामन्यानंतर, आणि हरलेल्यांना आधी.

भांडण सुरू झालं ते सोलापूरच्या पोरांवरून. ती पोरं ट्रॅक्स जीपमध्ये कोंबून आली होती, खेळली, हरली, रस प्याली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सामान घेऊन परत निघाली. मी ओट्यावर बसले होते. त्यांचा कर्णधार जीपच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. सोडायचा, बांधायचा, पुन्हा सोडायचा. मला ते पाहवेना.

“दादा,” मी म्हणाले, “एवढ्या लांबून बोलावतोस आणि एका संध्याकाळीत घरी पाठवतोस. लीग ठेव ना. सगळ्यांना सगळ्यांशी खेळू दे. चार सामने तरी मिळतील.”

“लीगमधी मोठ्याला भ्या नसतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे मोठा संघ एखादा सामना हरला तरी त्याला काही होत न्हाई. उद्या भरून काढतो. शेवटी तोच वर येतो. चार सामने खेळवले तर आपलं वालूर चारीबी हरंल. पण एकच संध्याकाळ असली, तर त्या एका संध्याकाळी काही बी होऊ शकतं.”

“झालंय का कधी?”

“न्हाई झालं.”

“मग?”

“मग काय? होऊ शकतं.”

मी म्हणाले, तू त्या एका शक्यतेसाठी बाकी सगळ्यांना हरवतोस. जिंकणारा एक आणि रडत जाणारे पंधरा, हे कसलं खेळणं? माणसाला चूक दुरुस्त करायची जागा पाहिजे. आयुष्यात ती मिळत नाही, निदान खेळात तरी मिळावी. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, “मास्तरीण, आयुष्यात न्हाई मिळत, म्हणूनच खेळात शिकावं की.”

उत्तर चांगलं होतं. मला पटलं नाही. आजही पटत नाही. त्या पोराच्या नाड्यांना ते उत्तर पुरेसं नव्हतं.

मग दर उन्हाळ्यात आपण तेच भांडलो. मी नवीन मुद्दे घेऊन यायचे. कधी वाचलेलं काही सांगायचे, कधी आकृती काढून दाखवायचे की दोन गट केले तर दिवस वाढत नाहीत. तू आकृती नीट पाहायचास, ‘लय भारी काढलीस’ म्हणायचास, आणि चिठ्ठ्या टाकायला तांब्या मागायचास. वहिनी म्हणायची, “ह्या दोघांचं झालं की मे महिना लागला समजायचं.”

तू ऐकत नव्हतास असंही म्हणता येत नाही. ज्या वर्षी वालूरच्या वाटेवर जिंतूरच्या संघाची गाडी बंद पडली, तेव्हा मी तुझ्या शेजारीच टेबलावर होते. समोर पुण्याचा संघ तयार होऊन उभा. रेफरीने घड्याळ पाहिलं. ठरलेला वेळ टळला होता. नियम सरळ आहे; समोरचा वेळेत आला नाही की उभा असलेला संघ जिंकला. त्याला वॉकओव्हर म्हणतात. पुण्याच्या कर्णधाराने तो मागितला, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

तू त्याला म्हणालास, “बाळा, आमच्या गावात न आलेल्या संघाला हरवत न्हाईत.”

“पण नियम आहे, सर.”

“नियम हाय. मी कुठं न्हाई म्हणालो? तू बस. ताक घे.”

तुझा दोस्त दत्तराव त्यांना आणायला ट्रॅक्टर घेऊन गेला. पुण्याची पोरं ताक पीत, कुरकुर करत बसली. ऊन कलून गेलं. मग मारुतीच्या देवळाकडून ट्रॉली आली आणि ट्रॉलीत उभी असलेली जिंतूरची पोरं, कपडे घालून, बूट बांधून, ग्रीसने काळी झालेली. लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की कुणाला वाटावं हेच जिंकून आलेत.

पुण्याने त्यांना धुऊन काढलं. सामना अर्धा झाला तेव्हाच कुणाला शंका राहिली नव्हती.

“काय मिळालं?” मी तुला विचारलं. “हरलेच ना शेवटी?”

“आता हरले,” तू म्हणालास. “आधी नुसते आले नव्हते.”

त्या दिवशी मी तुझ्याशी भांडले नाही. तू जिंकलास असं मी म्हणाले नाही, पण मी गप्प बसले, आणि माझं गप्प बसणं तुला ओळखता यायचं. तू मला न विचारता माझ्यासमोर रसाची वाटी सरकवलीस. हरलेल्यांना आधी, हा तुझाच नियम.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. मी मैदानावर पुस्तक घेऊन बसायचे आणि तू चारचौघांत म्हणायचास, “बघा आमची बहीण. इथं सामना चाललाय अन् ही वाचायलीय.” लोक हसायचे. दादा, ते पुस्तक दर वर्षी एकच असायचं. त्याची खूण पुढे सरकत नव्हती. सकाळी सामने सुरू व्हायच्या आधी, कुणी नसताना, तू एकटा रिंगवर चेंडू टाकायचास, आणि मी पुस्तकाच्या वरून पाहायचे. चेंडू हातातून सुटला की तू तो आत जातो का हेसुद्धा पाहत नव्हतास. वळून पुढच्या चेंडूकडे निघालेला असायचास. मागे जाळीचा आवाज यायचा. मला वाटायचं, एखादी गोष्ट इतकी नीट करता यावी आणि मग तिच्याकडे वळून पाहायचीही गरज पडू नये. मी आयुष्यभर प्रत्येक ओळीकडे दहादा वळून पाहिलं. हे तुला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू चेष्टा केली असतीस आणि दिवसभर खूश राहिला असतास.

आता पाडव्यानंतरचं सांगते.

पाडवा तसाच गेला. पिशवी खुंटीला होती. कुणी दुकानोदुकानी गेलं नाही, आणि कुणी नारळ घेऊन घरीही आलं नाही. मग क्रिकेटवाल्यांनी शाळेकडे मे महिन्यासाठी मैदान मागितलं. वाईट हेतूने नाही. त्यांना वाटलं, रिकामंच आहे. ते कळलं तेव्हा दत्तराव आणि शाळेतले खेळाचे सर आपल्या ओट्यावर आले. मी रविवारची आले होते.

दत्तराव बराच वेळ टोपीशी खेळत बसला. शेवटी म्हणाला, “ताई, औंदा राहू द्यावं म्हणायलेत समदे. घरात असं झालेलं. सुतकाचं साल. माइकवर बोंबलायचं, टाळ्या वाजवायच्या… बरं दिसत न्हाई.”

सर म्हणाले, “पुढच्या वर्षी अप्पांच्या नावाने करू. स्मृतिचषक. आणि ताई, तुमचं म्हणणं होतंच, तर लीगच करू. सगळ्यांना तीन-चार सामने मिळतील.”

दोघंही माझ्याकडे पाहत होते. ते मला काहीतरी देऊ करत होते, प्रेमाने. इतकी वर्षं मी जे मागत होते ते.

मी बोलायच्या आधी मागून आईचा आवाज आला. ती दारात तांदूळ निवडत बसली होती.

“कोण म्हणलं सुतकाचं साल?”

“आई, रीत असती…”

“तुमच्यात असती, दत्ता. आमच्यात सुतक धरत न्हाईत. तुला ठावं न्हाई का? एवढी वर्षं ह्या घरात जेवलास. चूल बंद ठिवली न्हाई. दुकान माझ्या सुनंनं, सुमननं उघडलंय. मंग खेळच तेवढा कसा काय बंद?”

“लोक काय म्हणतील, आई?”

“म्हणतील, म्हातारी येडी हाय. म्हणू दे. मला औंदा कोणता संघ द्यायलाव ते सांग. मागल्या साली दिलते ते समदे काकडी खाणारे व्हते. पोळीला हात लावनात. पुन्यांदा तसले देऊ नको.”

दत्तराव हसला, आणि हसताहसता त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. थोड्या वेळाने तसाच टोपीतून म्हणाला, “मंग ताई, करायचं?”

मी म्हणाले, “करायचं. यंदाच. पुढच्या वर्षी म्हणून ठेवलेलं राहून जातं. एक उन्हाळा चुकला की संघ दुसऱ्या गावी जातात आणि दुकानदारांना न देण्याची सवय होते. आणि दत्तराव, नॉकआउटच.”

“आँ? तुमीच तर दरसाल अप्पासंगं भांडत व्हताव.”

“भांडत होते. माझं अजून तेच मत आहे.”

“मंग आता तर कोणी अडवायला बी न्हाई.”

“म्हणूनच,” मी म्हणाले. “तो आलेला नाही ना.”

सरांना कळलं नाही. दत्तरावला कळलं. ट्रॅक्टर घेऊन तोच गेला होता.

दादा, तू नाहीस म्हणून मी हा वाद जिंकायचा, हे मला जमणार नाही. तुझ्यासमोर उभं राहून, तुझा आवाज चढलेला असताना, आई मध्ये पडत असताना जिंकले असते तर गावभर सांगितलं असतं. असा जिंकलेला वाद मला नको. स्पर्धा तुझ्या पद्धतीने होईल आणि मी टेबलावर बसून ती चुकीची आहे असं म्हणत राहीन. माझी आकृती मी आणली आहे. दत्तरावला दाखवली. तो म्हणाला, “लय भारी काढलीय.” त्याला पटवणं तुझ्यापेक्षा सोपं दिसत नाही.

नारळांना मी आणि वहिनी गेलो. तुला माहीत आहे, फारशी ओळख नसलेल्या माणसाशी बोलायचं म्हटलं की मी दुसऱ्याला पुढे करते. वर्गात बोलता येतं; तिथे सगळे माझ्याहून लहान असतात. बाजारपेठेत मी आधी वहिनीच्या मागे राहिले. खताच्या दुकानातल्या किशनरावांकडे पहिल्यांदा गेलो. त्यांच्या मागे फळीवर नारळ होते. त्यांनी वहिनीच्या हातातली पिशवी ओळखली आणि उठून उभे राहिले.

“वहिनी, तुमच्या हातात आत्ता नारळ कसा देऊ हो?”

“हातात नका देऊ, भाऊजी. पिशवीत टाका.”

ते तसेच उभे. मग मला वाटलं, आता आपण बोललं पाहिजे. मी म्हणाले, “किशनराव, दादा यायचा तेव्हा तुम्ही त्याला दर वर्षी बोलायचात. आम्हालाही बोला. त्याशिवाय नारळ घ्यायला बरं वाटत नाही.”

किशनराव खाली बसले. मग ते म्हणाले, “आमचा पैका औंदाबी पुण्यालाच जाणार का?”

“कोण जिंकंल ते मला काय ठावं?” वहिनी म्हणाली. “मी खेळते व्हय?”

त्यांनी नारळ आणला, शेंडी नीट केली आणि पिशवीत ठेवला. टाकला नाही, ठेवला. दुकानातून बाहेर आल्यावर वहिनी शेजारच्या ओट्यावर बसली. मी तिच्याशेजारी बसले. थोड्या वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “चला. पुढलं दुकान बंद व्हायच्या आत.”

सगळ्यांनी दिले नाहीत. दोघातिघांनी पुढच्या वर्षी बघू म्हटलं. एकाने आम्हाला पाहून आतल्या खोलीत जाणं पसंत केलं. तू असतास तर त्याच्या मागोमाग आत गेला असतास. आम्हाला ते आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी भाजीबाजारातून तीन नारळ आले, जिथे तू कधी मागायला गेला नव्हतास. बक्षीस मागच्याएवढं नाही. तरी मोठं आहे. आणि सगळं एकालाच.

संघांना मीच फोन केले. काहींना बातमी कळली होती, काहींना माझ्याकडून कळली. सोलापूरचा तो कर्णधार आता संघाचा प्रशिक्षक आहे. त्याने एवढंच विचारलं, “नॉकआउटच आहे ना, मॅडम?” मी हो म्हणाले. “मग येतो,” तो म्हणाला. का, ते मी विचारलं नाही. त्याच्या उत्तराने माझा एखादा मुद्दा पडला असता, आणि तुला ते आवडलं असतं.

चिठ्ठ्या मी काढल्या. वालूरची पहिलीच गाठ पुण्याशी पडली. सर म्हणाले, “ताई, अप्पा नाहीत, गावाचा संघ पहिल्याच दिवशी बाहेर गेला तर लोक हिरमुसतील. पुन्हा काढू का? कुणाला कळणार आहे?” ती चिठ्ठी माझ्या हातात होती. तुझी स्पर्धा काय चीज आहे, हे इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा जाणवलं. बाजूला बसून वाद घालणं वेगळं. मी चिठ्ठी फळ्यावर लावायला दिली. पुण्याचा संघ आपल्या गल्लीला आला आहे. आईने काकड्या आणवल्या आहेत, आणि ती कुणासाठी ओरडणार हे सगळ्या गावाला माहीत आहे.

आपली पोरं सकाळ-संध्याकाळ सराव करतात. काल मी त्यांना पाहत होते. त्यांच्यात एकही डावखुरा नाही. तरी चेंडू सोडल्यावर हात हवेत तसाच उघडा ठेवायची खोड दोघातिघांना आहे. त्यांना कुणी शिकवली ते त्यांना सांगता येणार नाही. मी पुस्तक नेलं नव्हतं.

मला रडू येतं, दादा, पण ते ठरावीक वेळी येत नाही. परवा मैदानाचे पट्टे रंगवताना आलं. दत्तरावने सुतळी धरली होती, मी ब्रश धरला होता आणि पट्टा वाकडा गेला. दत्तराव म्हणाला, “ताई, रेष वाकडी झाली.” मी म्हणाले, “दुरुस्त करता येते.” ती पुसली आणि पुन्हा मारली.

तू गेलास. मैदान आहे, संघ आले आहेत, आपला वाद मिटलेला नाही. उद्या संध्याकाळी पाच वाजता पहिला सामना आहे.